मेयेलाच्या अंगावरचे वळ

(सामुदायिक रेडिओवर दुपारच्या पुस्तकांच्या तासात झालेलं हे भाषण ऐकणाऱ्यांच्या आग्रहावरून छापत आहोत.)



गेले चार बुधवार आपण हार्पर ली यांच्या 'टू किल अ मॉकिंगबर्ड' या कादंबरीची गोष्ट थोडी थोडी करून ऐकतो आहोत. मागच्या बुधवारी खटल्याचा भाग झाला आणि कार्यक्रम संपतो न संपतो तोच फोन वाजला. बोलणाऱ्या ताई बायकांच्या तक्रारींसाठी पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढणाऱ्यांपैकी आहेत. त्या म्हणाल्या, "गोष्ट छान सांगता तुम्ही, पण हे पुस्तक आमच्या कामावर पाणी ओततंय. बाई अत्याचाराची तक्रार घेऊन गेली की पहिला प्रश्न येतो, खोटं तर नाही ना बोलत? आम्ही इतकी वर्षं त्या प्रश्नाशी भांडतोय. आणि तुमच्या पुस्तकात बाई खोटंच बोलते. ऐकणारे पुरुष काय म्हणतील?"

मला त्या वेळी नीट उत्तर देता आलं नाही. "बघते" म्हणून फोन ठेवला. आठवडाभरात खटल्याची ती सगळी प्रकरणं पुन्हा वाचली, आणि आज तेवढ्याचबद्दल बोलणार आहे. शेजारच्या बंद घरातल्या बू रॅडलीची गोष्ट आज बाजूला ठेवते. ती ज्यांच्या आवडीची आहे त्यांनी रागावू नये.

ज्या आज पहिल्यांदाच ऐकताहेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पुस्तक 1960 साली अमेरिकेत आलं, पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालं, 1962 मध्ये सिनेमा निघाला आणि त्यात वकील झालेल्या ग्रेगरी पेकला ऑस्कर मिळालं. गोष्ट घडते 1930 नंतरच्या मंदीच्या वर्षांत, अलाबामा राज्यातल्या मेकोम नावाच्या एका काल्पनिक गावात. सांगणारी आहे स्काउट, वकील अ‍ॅटिकस फिंच यांची धाकटी मुलगी. गोरे आणि कृष्णवर्णीय यांच्या शाळा वेगळ्या, वस्त्या वेगळ्या, देवळं वेगळी. कोर्टातसुद्धा कृष्णवर्णीयांनी वरच्या सज्जात बसायचं. टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय मजुरावर बलात्काराचा आरोप आहे आणि तक्रारदार आहे मेयेला यूएल, एकोणीस वर्षांची गोरी मुलगी. टॉमचं वकीलपत्र अ‍ॅटिकसकडे सोपवलेलं आहे.

आता मेयेलाच्या घरी जाऊ. गावाचा कचरा जिथे टाकतात, त्याच्या पलीकडे तिची झोपडी. आई नाही. मेयेला सगळ्यांत थोरली आणि पाठची सात भावंडं. बाप बॉब यूएल काम करत नाही, सरकारी मदतीचे पैसे येतात ते दारूत जातात. कचऱ्यातून उचलून आणलेल्या वस्तूंनी अंगण भरलेलं. पण त्या अंगणाच्या एका कोपऱ्यात टवके उडालेली सहा जुनी भांडी आहेत आणि त्यांत लालभडक जिरेनियम फुललेले आहेत. त्यांची निगा इतकी नीट राखलेली की एखाद्या मोठ्या घरच्या बाईने लावले असावेत असं वाटावं. लोक म्हणतात, ते मेयेलाचे. लेखिका याहून जास्त काही सांगत नाही, पण ते वाचल्यावर मला ही मुलगी परकी वाटेनाशी झाली. उकिरड्याच्या कडेला राहून डबड्यात झेंडू लावणाऱ्या बायका आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत.

टॉम रोज त्याच रस्त्याने शेतावर कामाला जातो. मेयेला अधूनमधून त्याला हाक मारते, हे फोडून दे, ते उचलून दे. एकदा एक जुनं कपाट फोडून दे म्हणाली, वर एक नाणं देऊ केलं. त्याने काम केलं, पैसे घेतले नाहीत. घरात एवढी भावंडं असून तिला कोणी मदत करत नाही हे त्याला दिसत होतं. मैत्रीण आहे का, असं पुढे कोर्टात अ‍ॅटिकसने तिला विचारलं, तर तिला तो प्रश्नच कळला नाही. मग मनात येतं, की एकोणीस वर्षांच्या आयुष्यात तिच्याशी माणसासारखं वागणारा हाच एक रस्त्याने जाणारा मजूर होता.

नोव्हेंबरातल्या त्या दिवशी घर रिकामं होतं. रिकामं कसं झालं हे टॉमच्या जबानीत येतं. पाच-पाच सेंटची सात नाणी मेयेलाने वर्षभर साठवली आणि सातही भावंडांना आइस्क्रीम खायला गावात पाठवलं. वर्षभर, मैत्रिणींनो! दार दुरुस्त करायच्या निमित्ताने तिने टॉमला आत बोलावलं, दार तर धड होतं. कपाटावरची पेटी काढायला तो खुर्चीवर चढला, तेव्हा तिने त्याचे पाय धरले. तो घाबरून खाली उतरला, तिने त्याला मिठी मारली, तोंडावर चुंबन घेतलं. आणि टॉम सांगतो, ती म्हणाली की आजवर तिने कुठल्याही मोठ्या पुरुषाचं चुंबन घेतलेलं नाही. बाप तिच्याशी जे करतो ते काही यात धरायचं नाही.

हे वाक्य पुस्तकात एका ओळीत येऊन जातं. सरकारी वकील त्यावर थांबत नाही, न्यायाधीश थांबत नाहीत, वर्तमानपत्रवाला थांबत नाही. स्काउट लहान आहे, तिला त्याचा अर्थ लागत नाही. पहिल्यांदा वाचताना मीही पुढे गेले होते. या आठवड्यात मात्र तिथे अडले.

तेवढ्यात बाप खिडकीशी येतो. शिव्या घालतो, पण कोणाला? मुलीला. टॉम पळून जातो. थोड्या वेळाने बॉब यूएल शेरिफला बोलावतो आणि सांगतो, माझ्या मुलीवर त्या काळ्याने अत्याचार केला.

आता कोर्टात काय झालं ते पाहा. अ‍ॅटिकस सगळ्यांना आधी एकच साधा प्रश्न विचारतो: डॉक्टरला बोलावलं होतं का? शेरिफ म्हणतो, नाही. बाप म्हणतो, मला सुचलंच नाही, आणि बोलावला असता तर पाच डॉलर गेले असते. आपल्या दक्षता समितीच्या ताईंना या प्रश्नाचं वजन वेगळं सांगायला नको. मार बसलेल्या मुलीला कोणी डॉक्टरकडे नेलं नाही. तिच्या बाजूने उभं राहिलेल्यांपैकीही कोणी नाही. मग जखमांचा प्रश्न. उजवा डोळा काळानिळा झालेला, दंडांवर वळ, गळ्याभोवती चारी बाजूंनी बोटांचे ठसे. समोरून मारणाऱ्याने बहुतेक डाव्या हाताने मारलं असणार. टॉमचा डावा हात लहानपणी कापसाच्या यंत्रात सापडून निकामी झालेला. तो आखूड आहे आणि लोंबकळतो. बॉब यूएलला कोर्टात सही करायला सांगतात आणि तो डाव्या हाताने करतो.

यानंतर अ‍ॅटिकस मेयेलाशी बोलतो, आणि हा भाग माझ्या मते सबंध पुस्तकातला सगळ्यांत अवघड आहे. तो तिला अदबीने 'मिस मेयेला' म्हणतो. आपल्या भाषेत 'अहो मेयेलाताई' म्हटल्यासारखं. ती चिडते, रडते, न्यायाधीशांना म्हणते की हा माझी थट्टा करतोय. न्यायाधीशांना तिला समजवावं लागतं की बाई, हे सगळ्यांशीच असं बोलतात. तिला 'अहो' म्हणून हाक मारणारं कोणी कधी भेटलंच नव्हतं, म्हणून आदर तिला टोमण्यासारखा लागला. पुढे अ‍ॅटिकस विचारतो, वडील चांगले वागतात का? ती म्हणते, ठीक वागतात, फक्त... आणि थांबते. प्यायल्यावर मारतात का? ती बापाकडे बघते. बाप समोर बसलेला आहे. मग ती म्हणते, त्यांनी मला कधी हातसुद्धा लावला नाही.

समोर बाप बसलेला असताना मुलगी काय बोलणार! आज आपल्याकडे अशा मुलीचा जबाब वेगळ्या खोलीत, बाई अधिकाऱ्यासमोर घ्यायला हवा असं आपण म्हणतो ते याचसाठी. मेयेलाला संध्याकाळी त्याच झोपडीत, त्याच माणसाच्या घरी परत जायचं होतं.

टॉमशी कसं बोललं गेलं तेही ऐका. तो पंचवीस वर्षांचा, बायको आणि तीन मुलं असलेला माणूस. सरकारी वकील गिल्मर त्याला 'ए पोरा' म्हणत उलटतपासणी घेतो. त्या सुरानेच स्काउटचा छोटा मित्र डिल हमसून हमसून रडायला लागतो आणि त्याला बाहेर न्यावं लागतं. स्काउट म्हणते की तो नुसता एक काळा माणूस आहे. डिलला ते पटत नाही. आणि याच उलटतपासणीत टॉमचा घात होतो. गिल्मर विचारतो, फुकट एवढी कामं का करत होतास तिची? टॉम सरळ मनाने सांगतो की मला तिची दया यायची, घरात ती एकटीच राबताना दिसायची.

सज्जात बसलेल्यांना लगेच कळतं की हे बोलायला नको होतं. त्या गावात गोऱ्याने कृष्णवर्णीयाची कीव केली तर त्याला पुण्य म्हणत. पण कृष्णवर्णीय मजुराला गोऱ्या मुलीची कीव येते, म्हणजे तो स्वतःला तिच्याहून बऱ्या जागी समजतो! कचऱ्याशेजारच्या यूएल कुटुंबाकडे गावात कोणी ढुंकून बघत नसे, त्यांच्याजवळ एकच मिळकत होती, ती कातडीच्या रंगाची. टॉमने ती नकळत हिसकावून घेतली. हातावरचा पुरावा ज्युरीला दिसला नाही, हे एक वाक्य मात्र ऐकू आलं.

ज्युरी म्हणजे गावातले बारा जण, तेच निकाल देणार. आपल्याकडेही ही पद्धत होती. मुंबईतल्या 1959 च्या नानावटी खटल्याची गोष्ट घरातल्या जुन्या माणसांना विचारा. मेकोमच्या ज्युरीत एकही कृष्णवर्णीय नाही आणि एकही बाई नाही. बाया का नाहीत, यावर पुस्तकात बापलेकींचं बोलणं होतं आणि स्काउटला रागही येतो. ही कल्पना नव्हे. अलाबामात बायकांना ज्युरीत बसायला खरोखरच बंदी होती आणि 1966 साली कोर्टाने ती घटनाविरोधी ठरवली, म्हणजे पुस्तक येऊन सहा वर्षं झाल्यावर. तेव्हा मेयेलावर काय गुजरलं हे ठरवणारे बाराही पुरुष होते. त्यांनी टॉमला दोषी ठरवलं. पुढे तुरुंगातून पळायचा प्रयत्न करताना पहारेकऱ्यांनी त्याला गोळ्या घातल्या. अंगावर सतरा जखमा होत्या.

आता ताईंच्या प्रश्नाकडे येते. मेयेला खोटं बोलली का? हो, बोलली, आणि त्या खोट्याने एक निरपराध माणूस गेला. हे सौम्य करून सांगण्यात अर्थ नाही. अ‍ॅटिकसही करत नाही. मला तिची मनापासून दया येते, पण एका माणसाचा जीव जाऊ देण्याइतकी नाही, अशा अर्थाचं तो ज्युरीला सांगतो. पण तिच्या अंगावरचे वळ खरे होते ना? तिला मारणारा होता, तो कोर्टात समोरच बसला होता, आणि त्याचं नाव घेण्याची सोय तिला कोणी ठेवली नव्हती. तिच्या शब्दाला वजन आलं ते एकाच दिशेने बोट दाखवल्यावर. बापाविरुद्ध हीच मुलगी हेच वळ घेऊन गेली असती तर मेकोममध्ये खटला उभा राहिला असता, असं तुम्हाला वाटतं? मला वाटत नाही. तेव्हा ज्युरीने बाईवर विश्वास ठेवला असं म्हणता येत नाही. त्यांनी आपल्या सोयीवर विश्वास ठेवला आणि तिला पुढे केलं.

हे मी नुसतं कादंबरीवरून बोलत नाही. आयडा बी. वेल्स या कृष्णवर्णीय पत्रकार बाईंनी 1892 मध्येच हे लिहून ठेवलंय. मेम्फिस शहरात त्यांच्या ओळखीच्या तिघा दुकानदारांना जमावाने ठार मारलं, तेव्हा त्यांनी अशा हत्यांचा शोध घ्यायला सुरुवात केली. गोऱ्या बाईच्या अब्रूचं नाव पुढे करून मागे धंद्याचा, जमिनीचा, वर्चस्वाचा राग असतो, आणि अनेकदा अत्याचार झालेलाच नसतो, असं त्यांनी छापलं. त्यांच्या वर्तमानपत्राची कचेरी जमावाने मोडून टाकली आणि त्यांना शहर सोडावं लागलं. पुढे 1931 मध्ये याच अलाबामात मालगाडीतून जाणाऱ्या नऊ कृष्णवर्णीय मुलांना दोन गोऱ्या मुलींच्या आरोपावरून पकडलं. सगळ्यांत लहान होता तेरा वर्षांचा. आठ जणांना फाशीची शिक्षा झाली, वरच्या कोर्टांमुळे ती टळली, पण काहींची तुरुंगात वर्षानुवर्षं गेली. त्या दोघी गिरणीत काम करणाऱ्या अत्यंत गरीब मुली होत्या. त्यांच्यातली रूबी बेट्स 1933 मध्ये कोर्टात उभी राहिली आणि म्हणाली, आमच्यावर अत्याचार झालाच नव्हता. यावर तरी विश्वास ठेवायचा! ज्युरीने ठेवला नाही. तिच्या पहिल्या शब्दावर आठ मुलांना फाशी सुनावली गेली होती, दुसरा शब्द कोणाला नको होता.

आणि याच अलाबामातली तिसरी गोष्ट. सप्टेंबर 1944, अ‍ॅबविल नावाचं छोटं गाव. रेसी टेलर ही चोवीस वर्षांची कृष्णवर्णीय आई रात्री प्रार्थनेहून घरी चालली होती. गोऱ्या तरुणांनी बंदुकीच्या धाकाने तिला गाडीत घातलं आणि सहा जणांनी तिच्यावर बलात्कार केला. गप्प राहा अशी धमकी देऊन सोडलं. ती गप्प राहिली नाही. त्याच रात्री घरच्यांना सांगितलं, शेरिफला सांगितलं. मॉन्टगोमेरीहून चौकशीला आल्या त्या रोझा पार्क्स. होय, त्याच, ज्यांनी पुढे 1955 मध्ये बसमधली जागा सोडली नाही. तपासात एकाने कबुलीही दिली. प्रकरण दोनदा गोऱ्या पुरुषांच्या ज्युरीसमोर गेलं आणि दोन्ही वेळा खटला भरायचाच नाही असं ठरलं. तिच्या घराचा व्हरांडा पेटवून दिला गेला. अलाबामाच्या विधिमंडळाने माफी मागितली ती 2011 मध्ये, रेसीबाई नव्वदीला टेकल्यावर.

मेयेलाची गोष्ट रेसी टेलरच्या शेजारी ठेवून वाचली की ताईंचा प्रश्न मला वेगळा दिसतो. त्या राज्यात बायका खोटं बोलतात की खरं, हा वाद कधी झालाच नाही. कोणत्या रंगाच्या बाईने कोणत्या रंगाच्या पुरुषाचं नाव घेतलं, एवढंच पाहिलं जाई.

पुस्तकात रेसीसारखी बाई आहे का? आहे, पण कडेला. टॉमची बायको हेलन. नवरा गेल्यावर ती लिंक डीस यांच्याकडे कामाला जाते. वाटेत यूएलचं घर लागतं आणि तिथून ओरडा होतो, म्हणून ती जवळपास एक मैल वळसा घालून जाते. तिने स्वतः तक्रार केलेली नाही. मालकाच्या लक्षात येतं, तो जाऊन बॉब यूएलला दम भरतो. दुसऱ्या दिवशी तो तिच्या मागे मागे घाणेरडं पुटपुटत चालतो. मालक पुन्हा दम भरतो, तेव्हा ते थांबतं. हेलनला पोलिसांत जावंसं वाटलं का, मनात काय होतं, लेखिका आत जात नाही. टॉम गेल्याची बातमी सांगायला अ‍ॅटिकस फिंचांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या कॅल्पर्नियाला बरोबर घेऊन जातो, आणि हेलन अंगणात कशी कोसळली हे आपल्याला डिलच्या तोंडून कळतं. कॅल्पर्निया त्या वेळी तिला काय म्हणाली, ते कळतच नाही. एका गोऱ्या मुलीने सांगितलेली गोष्ट, त्यामुळे ती जिथे पोहोचत नाही तिथे आपणही पोहोचत नाही. तिकडच्या कृष्णवर्णीय वाचकांची या पुस्तकाबद्दल हीच मोठी तक्रार आहे आणि मला ती रास्त वाटते. तरी अंगणातली लाल फुलं आणि वर्षभर साठवलेली सात नाणी जिने लिहिली, तिला आरोप करणारी मुलगी नुसती खलनायिका करायची नव्हती एवढं नक्की.

काल त्या ताईंना फोन करून हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पटलं की नाही ते बोलल्या नाहीत. फक्त विचारलं, "मग त्या मेयेलाचं पुढे काय झालं?"

साक्षीच्या पिंजऱ्यात ओक्साबोक्शी रडणारी मेयेला त्यानंतर आपल्यासमोर येत नाही. शेवटाकडे बाप मरतो. गावात त्याच्या मरणाची चर्चा होते, पण त्या झोपडीत आता सात भावंडांना घेऊन कोण आहे, हे कोणी बघायला गेल्याचं पुस्तकात नाही. ताईंना मी तेवढंच सांगू शकले.

पुढच्या बुधवारी याच पुस्तकातल्या कॅल्पर्नियाबद्दल बोलू. ती घरात एक बोली बोलते आणि आपल्या चर्चमध्ये दुसरी. तोवर फोन करत राहा. नमस्कार.